ताण धरून बसलेलं लोखंड (सांधेजोड : भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण वेल्डिंगपाशी थांबलो होतो. दोन तुकडे वितळवून एक केले की पुन्हा वेगळे करायची सोय उरत नाही. या भागात खिळा, स्क्रू, बोल्ट आणि रिबीट यांच्याकडे वळू. हे वस्तूंना एकजीव करत नाहीत, नुसते धरून ठेवतात.

सुरुवात घरच्या कपाटापासून करतो. पनवेलच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, दार घासायला लागतं. तसंच घासत घासत एके दिवशी वरची बिजागरी दारासकट माझ्या हातात आली. चारही स्क्रू शाबूत होते, पण त्यांच्या आट्यांत लाकडाचा भुगा भरला होता. कारण लगेच कळलं. सुतारानं स्क्रू हातोडीने ठोकून आत घातले होते आणि शेवटचे दोन फेरे तेवढे पेचकसाने मारले होते. ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की कोणाला खटकतही नाही. मला मात्र ती फार खटकते. खिळा लाकडाचे तंतू बाजूला सारतो आणि ते तंतूच त्याला दाबून धरतात. स्क्रूचं काम निराळं. तो फिरत फिरत स्वतःची वाट कापतो आणि त्याच्या दर दोन आट्यांमध्ये लाकडाचा एक पातळ पापुद्रा अडकतो. हे पापुद्रेच त्याची पकड. ठोकला की ते सगळे फाटतात आणि भोकात नुसता भुगा राहतो. आधी बारीक ड्रिलने वाट करायची, आट्यांना थोडा साबण लावायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पेचकसच फिरवायचा. एका स्क्रूला फार तर दोन मिनिटं लागतात.

बोल्ट आणि स्क्रू यांत फरक काय, असं लोक मला नेहमी विचारतात. दिसायला दोन्ही सारखे असू शकतात, फरक वापरात आहे. स्क्रू ज्या वस्तूत शिरतो तिच्यातच त्याचे आटे रुततात आणि तो डोक्याकडून फिरवला जातो. बोल्ट मोकळ्या भोकातून आरपार जातो, पलीकडून नट येतो आणि दोघांच्या कात्रीत वस्तू आवळली जाते. भिंतीत गिट्टी ठोकून तिच्यात बसवतो तो स्क्रू. पत्र्याच्या शेडचे खांब पायाशी धरतो तो बोल्ट.

आता या भागातली मला सर्वांत आवडती गोष्ट. आवळलेला बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग असते. १२ एमएमचा, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बोल्ट नीट आवळला की त्याच्यात साडेतीन टनांच्या आसपास ताण साठतो. जोडाची जाडी ५० मिलिमीटर असेल तर एवढ्या ताणाने तो साधारण एक दशांश मिलिमीटर लांबतो. डोळ्याला ते दिसत नाही, पण आखडून परत मूळ लांबीला येण्याची त्याची सततची धडपड दोन्ही पत्रे एकमेकांवर दाबून ठेवते. मग पत्रे सरकत नाहीत ते त्यांच्यातल्या घर्षणामुळे. बोल्टला आडवा मार खावाच लागत नाही. डोक्यावरचा आकडाही वाचायला सोपा आहे. पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताकद. दुसरा ८ म्हणजे त्यातल्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी तो सोडल्यावर मूळ लांबीला परत येतो. दुकानातून बोल्ट आणताना ‘या मापाचा द्या’ एवढं म्हणून थांबू नका, डोक्यावर काय कोरलंय तेही बघा. ४.६ चा बोल्ट त्याच भोकात तितकाच छान बसतो, पण त्याची ताकद निम्मीच असते.

खाडीकाठच्या आपल्या गावात आणखी एक पंचाईत होते. पान्ह्याला लावलेल्या जोरापैकी जवळपास ९० टक्के जोर आटे आणि नटाखालचं घर्षण खाऊन टाकतं. बोल्ट ताणायला उरतो तो दहा टक्के. आट्यांवर गंज चढला की तेवढाही उरत नाही. पान्हा घट्ट लागतो, मन निश्चिंत होतं आणि बोल्टमध्ये ताण मात्र आलेलाच नसतो.

ताणावर जोड टिकवायची ही युक्ती पनवेलला नवी नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि घाटावरचा माल गाड्यांमधून पनवेल बंदराकडे उतरू लागला. ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून गाड्या बांधण्याचीच नोंद आहे. बैलगाडीचं चाक आठवा : मधे तुंबा, त्यातून निघालेल्या आऱ्या, बाहेर लाकडी पाट्यांचा घेर आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान करायची, शेणकुटांच्या जाळात लाल करायची, फुगली की चाकावर चढवून ठोकायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आखडतं आणि अख्खं चाक करकचून आवळलं जातं. धाव चाकाला धरते ती या ताणाने.

रिबीट याच घराण्यातली, निदान जुनी तापवलेली रिबीट तरी. तिला आटे नसतात. भट्टीतून लाल काढून भोकात घालायची, एकाने एका बाजूचं डोकं पेलायचं आणि दुसऱ्याने उरलेली दांडी ठोकून दुसरं डोकं घडवायचं. थंड होताना ती आखडते आणि पत्रे दाबून धरते. आयफेल टॉवर अशा सुमारे २५ लाख रिबिटींवर उभा आहे. आपल्या ओळखीची रिबीट मात्र थंड, ॲल्युमिनियमची. एसटीच्या जुन्या लाल गाड्यांच्या पत्र्यावर बटणांसारख्या ओळी दिसायच्या, त्या याच. ठोकल्यावर ती भोकभर फुगते, कुठे फट ठेवत नाही, आणि आटाच नसल्यामुळे खडखडाटाने उलटी फिरून सुटण्याचा प्रश्न येत नाही. काढायची झाली तर डोकं ड्रिलने उडवायचं.

बोल्ट मात्र खडखडाटात सुटतो. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की जोड आडवा थरथरला की नट स्वतःहून उलटा फिरतो, आणि आपण विश्वासाने घालतो ते स्प्रिंग वायसर त्याला फारसं अडवत नाही. जपानमध्ये कात्सुहिको वाकाबायाशी यांनी यावर उत्तर काढलं ते पाचरीचं. त्यांना ते देवळाच्या लाकडी कमानीतल्या पाचरांवरून सुचलं. एका नटाचा तिरका भाग दुसऱ्यात रुततो आणि दोघं एकमेकांना जखडतात. शिंकान्सेन गाड्यांमध्ये हे नट वापरले जातात.

आता पनवेल स्टेशनच्या फलाटाच्या टोकाशी उभे राहून खाली बघा. काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ धरायला बोल्ट नाही. जाड पोलादी सळई पीळ दिल्यासारखी वळवलेली आहे, ती पँड्रोल क्लिप. पेर पांडे-रोल्फसेन या नॉर्वेच्या अभियंत्याची ही कल्पना. ना आटे, ना नट, हातोडीने ठोकायची. बसताना ती वाकते आणि साधारण ८५० ते ११०० किलोंच्या जोराने रुळाची कड दाबून धरते. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले आणि दर स्लीपरला चार क्लिपा, तर एका किलोमीटरला ६६४० क्लिपा होतात. गाडी गेली की रूळ खाली दबतो, पुन्हा वर येतो, आणि क्लिप त्याच्याबरोबर हलत राहते, तरी दाब सोडत नाही.

तरीही काही क्लिपा सरकतातच. त्यासाठी हातोडा घेऊन रुळांमधून रोज चालणाऱ्या माणसाला रेल्वेत कीमॅन म्हणतात. जुन्या काळी रूळ खोबणीत पाचर ठोकून आवळत, त्या पाचरीचं नाव ‘की’. पाचरी गेल्या, क्लिपा आल्या, नाव तेच राहिलं. सकाळच्या पहिल्या गाड्यांच्या वेळी कधी तो दिसला तर थोडं थांबून बघा : दर पावलाला नजर दोन्ही रुळांवर, मधेच एखाद्या क्लिपेशी थबकणं, हातोड्याचे दोन घाव आणि पुन्हा चालणं.