खाकीतले कारकून

मुंबईतल्या एखाद्या पोलीस ठाण्यात माणसं किती, असं विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. त्यातली आज रस्त्यावर किती, असं विचारलं की हजेरी उघडावी लागते. कुणी रात्रपाळी करून घरी गेलेला, कुणी साप्ताहिक सुट्टीवर, कुणी कोर्टात साक्षीला, कुणी दुसऱ्या हद्दीत बंदोबस्ताला, कुणी आरोपीला घेऊन इस्पितळात. एवढे वगळून जे उरतात, त्यांतलेही काही दिवसभर टेबल सोडू शकत नाहीत. आवक-जावक पाहणारा बारनिशी कारकून, क्राइम कारकून, मुद्देमाल कारकून, संगणकावर गुन्हे चढवणारे. नाव कारकुनाचं असलं, तरी ही माणसं मैदानी चाचणी देऊन आणि परेड करून भरती झालेले पोलीस अंमलदार असतात.

मुंबईला पोलीस आयुक्तालय मिळालं 1864 साली; फ्रँक सूटर हे पहिले आयुक्त. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या मुख्यालयात पगार, आस्थापना, निवृत्तिवेतन सांभाळायला खाकी न घालणारे लिपिक आहेत. पण हा वर्ग मुख्यतः कार्यालयांपुरता राहिला. ठाण्याच्या पातळीवर कागदाचा भार शिपाई-हवालदारांनीच वाहिला.

मुद्देमालाची खोलीच घ्या. घरफोडीत वापरलेली कटावणी, मारामारीतला रक्ताळलेला शर्ट, जप्त केलेले मोबाइल. प्रत्येक वस्तू पुडक्यात बांधायची, लाखेचं सील मारायचं, पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, त्यावर गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि कलमं लिहायची आणि मग मुद्देमाल रजिस्टरला नोंद घ्यायची. नमुना कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवायचा तर पत्र हवं, सीलचा नमुना हवा आणि ते सगळं घेऊन जाणारा एक अंमलदार हवा. पत्रातला आणि लेबलावरचा क्रमांक जुळला नाही तर पुडकं परत येतं आणि त्या माणसाचा दिवस वाया जातो. खटला उभा राहायला कितीही वर्षं लागोत, कोर्टाने मागितलं की तेच पुडकं सीलबंद समोर ठेवता आलं पाहिजे. सील फुटलेलं निघालं तर बचावाचा वकील तेवढ्यावर पुरावा डळमळीत करू शकतो. इतक्या जोखमीच्या या कामाला अटकेचा अधिकार लागत नाही, की लाठी लागत नाही. टापटीप हवी, सुवाच्य अक्षर हवं आणि वर्षानुवर्षं एका जागी टिकणारा माणूस हवा. अंमलदाराची मात्र बदली होत राहते, आणि प्रत्येक बदलीला चार्ज देण्या-घेण्यासाठी सगळी खोली नव्याने मोजावी लागते.

माणसं कमी का पडतात, हे साध्या हिशेबात कळतं. एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरलेली ठेवायची तर आठवड्याचे 168 तास होतात. एका माणसाचे आठ तास आणि सहा दिवस धरले तर 48. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं. रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा जमेस धरल्या तर चार-पाच. बारा तासांच्या ड्युटीने ही तूट वर्षानुवर्षं झाकली, आणि तिची किंमत पोलिसांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने आणि घरच्यांनी मोजली.

हा हिशेब मांडायचं धाडस देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील या अंमलदाराने केलं. उपलब्ध माणसांतच तीन पाळ्या बसवता येतील, असा आराखडा त्यांनी तयार केला. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो मनावर घेतला आणि मे 2016मध्ये देवनारला आठ तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. पुढे ती शहरातल्या इतर ठाण्यांतही नेण्यात आली. इतक्या खालच्या पायरीवरच्या माणसाचं म्हणणं आयुक्तांनी ऐकून अमलात आणलं, ही या दलाच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे. पण गणपती आले, निवडणूक आली, की पाळ्या मोडतात. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटीवर घड्याळ बघून कुणालाच निघता येत नाही.

पाळ्या टिकवायच्या तर टेबलावरचे अंमलदार मोकळे करून तिथे नागरी लिपिक बसवायला हवेत. नागरी माणूस पोलिसांच्या आवारात नीट काम करू शकतो, हे मुंबईनेच फार आधी दाखवून दिलं आहे. 1984मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी मिळून महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे बसतात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या. मार खाऊन आलेल्या बाईचं ऐकून घेणं, नवऱ्याला आणि सासरच्यांना बोलावणं, स्त्रीधन परत मिळवून देणं, निवाऱ्याची सोय करणं, गुन्हा नोंदवायचा असेल तर सोबत उभं राहणं, हे त्यांचं काम. कक्ष पोलिसांच्याच आवारात असल्याने बोलावणं टाळायला सासरचे धजत नाहीत. पुढे राज्य सरकारने हे कक्ष महाराष्ट्रभर नेले.

जुलै 2023मध्ये महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे 3,000 जवान मुंबई पोलिसांना 11 महिन्यांसाठी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा सुमारे 10,000 पदं रिक्त होती. ‘कंत्राटी पोलीस’ म्हणून गदारोळ उठला. नवे शिपाई प्रशिक्षण संपवून येईपर्यंतची ही सोय असल्याचं सरकारने सांगितलं. पोलिसी अधिकार कंत्राटावर देऊ नयेत, हा आक्षेप रास्तच होता. पण त्या वादात ठाण्यातल्या टेबलाचा विषय कुणी काढला नाही. टेबलासाठी कंत्राटी माणूसही नको. तिथे कायम नोकरीतला, गोपनीयतेला बांधलेला लिपिक हवा.

1 जुलै 2024पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं केलं. म्हणजे मुद्देमालाच्या पुडक्यांबरोबर आता चित्रफितीही जपणं आणि कोर्टात वेळेवर पोचवणं आलं. पुढच्या भरतीचा प्रस्ताव जाताना शिपायांच्या आकड्याखाली प्रत्येक ठाण्यासाठी मुद्देमाल लिपिक आणि संगणकचालक यांची पदं वेगळी मागितली पाहिजेत.