फायरवॉल वेगळी घ्यावी, की आहे तीच पुरे?

ऑगस्ट २००३. जगभरच्या विंडोज एक्सपी संगणकांवर अचानक एक चौकट उमटू लागली: ६० सेकंदांत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होणार! कुणी फाइल उघडली नव्हती की लिंक दाबली नव्हती. ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, इंटरनेटवरून १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून थेट आत शिरत होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती जुलैतच दिली होती, पण ती अनेकांनी बसवलीच नव्हती. एक्सपीमध्ये फायरवॉलही होती; मात्र मुळातच बंद ठेवलेली. ती आपोआप चालू झाली वर्षभराने, सर्व्हिस पॅक २ आल्यावर.

न मागता बाहेरून आलेली जोडणी नाकारणं, हे फायरवॉलचं मुख्य काम. विंडोज १० आणि ११ मधली फायरवॉल ते चोख करते. त्यामुळे घरच्या संगणकासाठी बहुतेकांना वेगळे पैसे मोजायची गरज नाही.

मग वेगळी कुणी घ्यावी? विंडोजची फायरवॉल बाहेर जाणारी माहिती सहसा अडवत नाही. कोणता प्रोग्राम गुपचूप कुणाशी संपर्क साधतो हे पाहायचं असेल, तर विंडोजसाठी ग्लासवायर किंवा मॅकसाठी लिटल स्निच हा प्रोग्राम उपयोगी पडतो. पण परवानगीचा प्रश्न वारंवार समोर येतो, आणि कंटाळून ‘हो’ दाबत गेलं की सगळी राखण वाया जाते.

मॅक वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये फायरवॉल चालू आहे का, ते आजच पाहावं. विंडोजवाल्यांनी हॉटेल किंवा स्टेशनचं वायफाय जोडताना ‘पब्लिक नेटवर्क’ हाच पर्याय निवडावा, म्हणजे फायरवॉल अधिक कडक राहते.