पाचटाच्या गोल गाठी : लहान की मोठ्या?



पाचट पेटवू नका, हे सांगून आम्हा शेतकी खात्याच्या लोकांचा घसा बसला. आता भाड्याचा बेलर बांधावर येऊन गाठी बांधून देतो म्हटल्यावर पुष्कळांनी हो म्हटले. पण गाठ केवढी आणि कशाने बांधायची, हे कोणी विचारीत नाही. बेलरवाला म्हणेल ती पूर्व दिशा!

गेल्या हंगामात एका सभासदाला मोठी गाठ घ्या, असे मीच सांगितले. चार फूट व्यास, चार फूट रुंदी. गाठी थोड्या, खेपा थोड्या, असा माझा कागदी हिशेब. गाठी झाल्या झकास, पण एकेक दीडशे किलोच्या वर! चार गडी लावले तरी ट्रॉलीत चढेना. लोडर मिळेपर्यंत अवकाळी पाऊस येऊन गेला. "साहेब, आता या तुमच्या हापिसातच ठेवा," हे ऐकून घ्यावे लागले.

तेव्हा लोडर नसेल त्याने दोन फूट व्यासाची, सव्वातीन फूट लांबीची गाठ घ्यावी. पंचवीस-तीस किलो भरते, एक गडी उचलतो. मात्र ती छपराखालीच ठेवा. कडेचा दोन इंच थर भिजला तर लहान गाठीतले शंभरातले तीस भाग जातात, मोठीतले सोळाच.

दर बहुधा गाठीवर असतो, आणि मेख तिथेच आहे. एकरी तीन टन पाचट धरले तर तीस किलोच्या शंभर गाठी होतात. सैल, चोवीस किलोच्या बांधल्या तर सव्वाशे. पंचवीस गाठींचे पैसे फुकट गेले! म्हणून पहिल्या चार-पाच गाठी काट्यावर घाला, मगच पुढे चालू द्या.

बांधणी सुतळीची की जाळीची? जाळीने काम झपाट्याने होते, गाठ घट्ट राहते. पण जाळी प्लॅस्टिकची. गोठ्यात तुकडे पडले तर जनावराच्या पोटात जातात. गोठ्यासाठी तागाची सुतळीच बरी. वरून प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळणे हे हिरव्या मक्याच्या मुरघासाचे काम, वाळल्या पाचटाला तो खर्च नको. ओलसर पाचट मात्र बांधू नका. गाठ आतून तापते, बुरशी धरते.

आणखी एक. खोडवा राखायचा असेल त्या रानातले पाचट कोणी कितीही भाव देवो, उचलू नका. ते सरीत दाबा. ओल टिकते, तण दबते. गाठी बांधायच्या त्या मोडायच्या खोडव्याच्या, तेही सगळे पाचट न उचलता. बेलर ठरवण्याआधी आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला रान दाखवा.

— ऊस विकास अधिकारी