विनय शिकवावयाचा कोणी?

अलीकडची मुले उद्धट झाली, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. पालक शाळेस दोष देतात, शाळा घरास. परंतु वृद्ध हमालास मुलादेखत अरेतुरे करणाऱ्या व्यापाऱ्याने मुलाकडून विनयाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? आणि भरवर्गात मुलाचा पाणउतारा करणाऱ्या शिक्षकाचा धाक बसेल. आदर कसा उपजावा?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला. इतकेच नव्हे, तर सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत किमान तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या. तेव्हा पालकांनी सभेस जावे, तक्रार समक्ष मांडावी, घरी मुलांसमोर गुरुजींची निंदा करू नये. ही जागा केवळ सहीपुरती अडविणाऱ्यास शाळेकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.