मुक्काम आधी, वाट मागून

भाऊबीज झाली, डब्यातल्या चकल्या मऊ पडू लागल्या, की घराघरांत एक प्रश्न डोके वर काढतो: उरलेल्या सुट्टीचे काय करायचे? पूर्वी ह्याचे उत्तर मामाचे गाव हे होते. आता मामाही आपल्याच शहरात, दोन स्टेशने पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मग कोणी माथेरानचे नाव काढतो, कोणी महाबळेश्वरचे; आणि कॉलेजात जाणारी कन्या म्हणते, "त्यापेक्षा डोंगरात जाऊ. मोटारीवर सायकली बांधू, तंबू ठोकू, शिखर चढू." आई वडिलांकडे पाहते, वडील वर्तमानपत्रात तोंड लपवतात, आणि "बघू" ह्या सोयीस्कर शब्दावर विषय मिटतो.

हा विषय असा मिटू देऊ नये, एवढेच ह्या लेखाचे सांगणे आहे. मुलांना डोंगरात जाऊ द्यावेच. बरोबर आपणही जावे. मात्र निघण्याआधी एक संध्याकाळ सगळ्यांनी बैठक मारून बेत कागदावर उतरवावा. डोंगरात विसरलेली वस्तू आणायला कोपऱ्यावर वाण्याचे दुकान नसते, आणि चुकलेल्या वाटेवर अंधार पडला तर पुढचा प्रसंग थट्टेवारी नेण्यासारखा राहत नाही.

कित्येकांचा समज असा, की पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणे ही परक्यांकडून आलेली हौस आहे. पण पंढरीची वारी आठवा. आळंदीहून निघालेली पालखी कोणत्या दिवशी कोठे उतरणार, दुपारचा विसावा कोठे, हे आधीच ठरलेले असते. दिंड्यांच्या राहुट्या आणि शिधा घेऊन वाहने पुढे जातात. त्या समुदायात सत्तरीची आजीबाई असते आणि विशीतला गडीही असतो. मजल मात्र दोघांनाही झेपेल एवढीच बांधलेली असते. सहलीच्या बेताचे पहिले सूत्र येथेच सापडते. आधी मुक्काम ठरवा, वाट मागाहून. आणि मजल बांधायची ती सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पावलाने.

आता एक प्रत्यक्ष बेत आखून पाहू. ठिकाण घेऊ भंडारदऱ्याचे. मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी अशा रस्त्याने, किंवा पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर अशा रस्त्याने मोटारीने अर्ध्या दिवसात पोचता येते. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या जलाशयाभोवती सह्याद्रीची ऐन छाती उभी आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, येथून हाकेच्या अंतरावर. १९८६ पासून हा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर शुल्क भरावे आणि रात्री तंबू कोठे ठोकता येईल हे तेथेच विचारून घ्यावे.

बेत चार दिवसांचा करावा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत धरणाजवळच्या शेंडी गावी पोचून, उजेड आहे तोवर तंबू उभा करावा. दुसरा दिवस सायकलींचा. तिसरा कळसूबाईचा. चौथ्या दिवशी सकाळी परतीचा रस्ता. "तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच निघालो तर एक रात्र वाचेल," असे घरातले हिशेबी गृहस्थ म्हणतील. त्यांचे ऐकू नये. दिवसभर चढउतार केलेल्या, डोळे जड झालेल्या माणसाने अंधारात कसारा घाट उतरणे हा ह्या साऱ्या सहलीतला सर्वांत मोठा धोका होय.

मुले एवढ्यावर थांबणार नाहीत. त्यांना रतनगडही हवा असतो आणि साम्रदची सांधण दरीही. बेत आखताना घालण्यापेक्षा वगळायला अधिक शहाणपण लागते. रतनगडावर शिड्यांची वाट आहे, त्याला पुरा दिवस द्यावा लागतो. तो पुढच्या वर्षासाठी राखावा. सांधण ही अरुंद घळ. पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी साचलेले असते, आणि खाली उतरून जायला दोर व जाणकार माणूस लागतो. ती ह्या खेपेला नको.

सायकलींचा दिवस पाहू. शेंडीहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर करून जलाशयाला वळसा घालून परत यायचे, की सुमारे ४० ते ४५ किलोमीटर होतात. शहरातल्या सपाट रस्त्यावरचा वेग येथे धरू नये. चढउताराच्या खडबडीत रस्त्यावर घरगुती स्वाराला तासाला १० किलोमीटर म्हणजे खूप झाले. म्हणजे चार-साडेचार तास नुसते पायडल मारणे. शिवाय रतनवाडीला अमृतेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर पाहणे, घाटघरच्या कड्यावरून खाली कोकण न्याहाळणे, आणि झाडाखाली शिदोरी सोडणे. सात-आठ तास सहज जातात. प्रत्येक सायकलीमागे एक जादा ट्यूब, शिवाय पंप, पंक्चरचे सामान आणि पाने घ्यावेत. घरून निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या हाताने चाक काढून बसवून पाहावे. डोक्यावर शिरस्त्राण हवेच, आणि उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत.

कळसूबाईचा हिशेब थोडा निराळा. १८९२ साली नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम सांगितला. आजच्या मापात तो असा: ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारी गावातून शिखर सुमारे साडेसहा किलोमीटर, चढ सुमारे ८०० मीटर. गणित पावणेतीन तासांच्या आत येते. पण हा नियम सरावलेल्या माणसाचा. कुटुंबासाठी त्याची दीडपट धरावी: वर जायला चार तास, माथ्यावर एक, उतरायला तीन. सकाळी सहाला निघालात तर दुपारी दोनला खाली. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तेथे रांग लागते, तो वेळही ह्यांत मिळवावा. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे विसरू नये.

पाणी माणशी तीन लिटर. चौघांचे बारा लिटर, म्हणजे बारा किलो. हे ओझे वाटून घ्यावे लागते, आणि मग तिसरा स्वेटर आपोआप घरी राहतो. उंचीबरोबर हजार मीटरमागे साधारण सहा अंशांनी हवा थंड होते, म्हणून एक ऊबदार कपडा मात्र हवा. ओढ्याविहिरीचे पाणी खळखळून उकळल्याशिवाय पिऊ नये.

तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळक्या फांदीखाली किंवा कड्याच्या काठाशी ठोकू नये. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालू असते. कोणाच्या खाचरात किंवा खळ्यावर बिनविचारता उतरणे हे घरात घुसण्यासारखेच आहे. त्याच घरी विनंती केली, तर योग्य पैसे घेऊन अंगण मिळते, गरम पिठले-भाकरी मिळते आणि वाटाड्याही मिळतो. महादेव कोळ्यांची ही वस्ती. १८४८ साली ठाण्याला फासावर गेलेले राघोजी भांगरे ह्याच मुलखातले. त्यांच्या डोंगरात पाहुण्यासारखे वागावे. गवत वाळू लागलेले असते, म्हणून शेकोटीचा हट्ट धरू नये. स्वयंपाकाला छोटा स्टोव्ह पुरतो. मधमाश्यांच्या पोळ्याखाली अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. साप चावलाच तर चिरा घेणे, चोखणे, करकचून बांधणे हे काही करू नये. तो अवयव न हलवता माणसाला सर्पविषाची लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. त्यासाठी १०८ हा क्रमांक पाठ असावा, पण दरीत मोबाईल मुका होतो हेही ध्यानात ठेवावे.

आता सर्वांत अवघड कलम. कागदावर एक वेळ लिहावी आणि तिच्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात: "११ वाजता जेथे असू तेथून परत." शिखर पन्नास पावलांवर दिसत असले तरी परत. ही वेळ घरी, पंख्याखाली बसून ठरवावी, कारण डोंगरात ती ठरवू पाहणारा माणूस दमलेला असतो, आणि त्याला समोरचा कळस तेवढा दिसत असतो. कोणाच्या गुडघ्यात कळ आली, कोणाला भोवळ आली, तर ती वेळ अकराच्या आधीच झाली असे समजावे. वडिलांना हे कलम विशेष जड जाते. मुलांदेखत माघार घेणे त्यांना कमीपणाचे वाटते. पण परीक्षा, नोकरी, पैसा ह्यांमागे धावताना कोठे थांबावे हे आपण मुलांना क्वचितच शिकवतो. वडील न रागावता, न ओशाळता, शिखराला नमस्कार करून माघारी वळतात, हे ज्या मुलीने एकदा पाहिले, ती पुढे मित्रमंडळींबरोबर डोंगरात गेली तरी आईला रात्र जागून काढावी लागणार नाही.

कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक बरोबर न्यावी. दुसरी शेजाऱ्यांकडे द्यावी. तिच्यात रोजचा मुक्काम, मोटारीचा क्रमांक आणि घरी पोचण्याची वेळ लिहिलेली असावी. त्या वेळेनंतर तीन तासांत आपला निरोप आला नाही, तर ११२ क्रमांकावर कळवायचे, एवढे त्यांना सांगून ठेवावे. बरोबर फराळाचा डबाही द्यावा. चकल्या मऊ पडल्या असल्या तरी चालतील.