काचबिंदूची बाटली डॉक्टरांना दाखवलीत का?

मैत्रिणींनो, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, स्वच्छ दिसायलाही लागलं. आणि महिनाभरानं त्या म्हणतात, "अगं, पोथीतली मधलीच अक्षरं पुसट दिसतात." वयच झालं, म्हणून सोडून देऊ नका. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आली की असं होतं; सरळ रेघही वाकडी दिसते. ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी ही सूज जाणवते. मधुमेह असेल तर धोका अधिक.

काचबिंदूसाठी रात्री एकदा घालायचे लॅटानोप्रोस्टसारखे थेंब चालू असतील, तर काही जणांत त्यांचाही या सुजेशी संबंध असू शकतो. म्हणून ऑपरेशनआधीच ती बाटली डॉक्टरांना दाखवा. थेंब चालू ठेवायचे की बदलायचे, ते त्यांनाच ठरवू द्या. आपल्या मनानं मात्र बंद करू नका! सूज वेळेवर कळली तर बहुधा औषधानं उतरते. काचबिंदूनं गेलेली नजर मात्र परत येत नाही.

ऑपरेशननंतर अधूनमधून एकेक डोळा झाकून सासूबाईंना कॅलेंडर वाचायला लावा. चौकटी वाकड्या दिसल्या, तर लगेच डॉक्टरांना गाठा.