‘घाशीराम’ गेला कुठे?

सबमिशनला दोन दिवस उरलेत. कॉलेजच्या लायब्ररीतल्या कम्प्युटरवर तुम्ही टाइप करता, ‘तेंडुलकर घाशीराम’. उत्तर येतं, शून्य पुस्तकं! माझं सेम झालं होतं. मी मुकाट परत फिरले, त्या नाटकाशिवायच प्रोजेक्ट दिला आणि मार्क गेले. ‘घाशीराम कोतवाल’ तेव्हा कपाटात निवांत पडलं होतं.

उलगडा आयटीच्या सीनियरने केला. कॅटलॉगमध्ये पुस्तकाचं नाव एका रकान्यात, म्हणजे फील्डमध्ये असतं आणि लेखक दुसऱ्यात. टाइप केलेले सगळे शब्द एकाच फील्डमध्ये सापडले पाहिजेत, असा त्या सर्चचा हट्ट होता. आता नाटकाच्या नावात ‘तेंडुलकर’ कुठून येणार?

२०१० मध्ये आलेल्या इलॅस्टिकसर्चमध्ये अनेक फील्ड्स एकदम धुंडाळायला ‘मल्टी मॅच’ आहे. त्याचा नेहमीचा प्रकार ‘बेस्ट फील्ड्स’. तो सगळ्यात चांगल्या जुळलेल्या एकाच फील्डचे मार्क धरतो. त्यात ‘सगळे शब्द हवेत’ अशी अट घातली, की झालाच माझ्यासारखा पोपट. ‘क्रॉस फील्ड्स’ मात्र सगळे रकाने जोडून एकच मोठा रकाना मानतो. एक शब्द नावात, दुसरा लेखकात? चालतंय की! फक्त त्या फील्ड्सचा अ‍ॅनालायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडण्याची पद्धत, सारखी हवी.

तुमच्या लायब्ररीत हे होईपर्यंत नुसतं ‘घाशीराम’ टाका. नुसतं ‘तेंडुलकर’ टाकलंत, तर सचिनही बॅट घेऊन हजर होईल.